झीज काळाची, खर्च कुणाचा?

जूनच्या मध्यावर पश्चिमेकडच्या भिंतीवर ओल उमटते, जुलैत रंगाचे पोपडे सुटू लागतात आणि ऑगस्टपर्यंत कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागतो. घर स्वतःचे असेल तर माणूस मिस्त्रीला बोलावतो, खर्चाची कुरकुर करतो आणि काम उरकून घेतो. घर भाड्याचे असेल तर मिस्त्रीच्या आधी एक प्रश्न दारात उभा राहतो: पैसे कुणी द्यायचे? मालक म्हणतात, राहता तुम्ही, तेव्हा बघायचे तुम्हीच. भाडेकरू म्हणतो, भिंत तुमची आहे, मी ती सोबत नेणार नाही. दोन्ही बाजू ऐकायला पटतात, म्हणूनच भांडण मिटत नाही. ज्या एजंटाने करार करून दिला तो दलाली घेऊन मोकळा झालेला असतो, आणि हा वाद चालू असताना पाणी प्लास्टरमधून आतल्या सळईपर्यंत पोहोचते. या प्रश्नाकडे आपण आजवर दोन माणसांच्या स्वभावाचा प्रश्न म्हणून पाहत आलो. मालक चांगला मिळाला तर निभावते, नाही मिळाला तर नशीब. माझ्या मते हा नशिबावर सोडण्याचा विषय नाही. काळाने जे झिजते त्याचा खर्च मालकाचा, वापराने किंवा हलगर्जीपणाने जे बिघडते त्याचा खर्च राहणाऱ्याचा, आणि हे दोन्ही वेगळे कसे ओळखायचे याची रीत प्रत्येक भाडेकरारात मुळातच लिहिलेली, एवढे झाले तर बहुतेक भांडणे सुरूच होणार नाहीत.

यासाठी आधी भाडे म्हणजे कशाची किंमत, हे स्पष्ट करायला हवे. भाडेकरू महिन्याला जे पैसे मोजतो ते चार भिंतींचे नसतात. पाणी येणारा नळ, वीज असलेले बटण, न गळणारे छत आणि न तुंबणारे शौचालय यांसह राहता येण्याजोग्या घराचे ते पैसे असतात. घर वापरात आले की ते झिजणारच आणि रिकामे ठेवले तरी ते झिजणारच. ही झीज भाड्यात धरलेली असते, असे केवळ तर्काने म्हणायचे कारण नाही, कारण आयकर कायद्यानेच ते मान्य केले आहे. भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा केल्यावर जी रक्कम उरते तिच्यातून घरमालकाला सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी एकही पावती दाखवावी लागत नाही. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम २४ मध्ये होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही ती कायम आहे. २००१ पूर्वी तर ही वजावट दुरुस्ती आणि भाडेवसुली याच नावाने दिली जाई आणि तिचे प्रमाण एक-चतुर्थांश होते. समजा, महिन्याचे भाडे २२,००० रुपये आहे. वर्षाचे झाले २,६४,०००. मालमत्ता कराचा हिशेब बाजूला ठेवला तर यातले ७९,२०० रुपये सरकार मालकाचे उत्पन्नच मानत नाही, कारण एवढे घर सांभाळण्यात जातील असे ते गृहीत धरते. त्याच वर्षी त्याच मालकाने गंजलेल्या पाइपचे बिल भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापले, तर एकाच झिजेचा मोबदला त्याला दोनदा मिळाला.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही हाच विचार दिसतो. दरवर्षीच्या नेहमीच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का रक्कम सभासदाकडून घ्यावी, असे उपविधी सांगतात. म्हणजे इमारत उभी राहिली त्या दिवसापासून ती दरवर्षी थोडी थोडी म्हातारी होते आणि त्या म्हातारपणाची तरतूद मालकाने करायची असते, हे तत्त्व आपल्या प्रत्येक सोसायटीने कागदावर केव्हाच स्वीकारले आहे. सोसायटीच्या वर्गणीत जे तत्त्व मालक मुकाट्याने पाळतात, तेच दाराच्या आत, भाडेकरूच्या बाबतीत, का लागू होऊ नये? घराची किंमत वाढते तेव्हा ती वाढ पूर्णपणे मालकाची असते. भाडेकरू त्यात वाटा मागत नाही. ज्याच्याकडे वाढ जाते त्याच्याकडेच घटही गेली पाहिजे, हा साधा व्यवहार आहे.

कायदा याविषयी अगदीच गप्प आहे असेही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये या विषयाचे मूळ सापडते. भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याने ती ताब्यात घेतली तेव्हा होती तशी परत करावी, मात्र वाजवी वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीने झालेला बदल यातून वगळावा, असे ते कलम सांगते. मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे ती त्याने वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, असेही त्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याच्या एक पाऊल पुढे गेला. करारात उलट काही ठरलेले नसेल तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, असे त्याच्या कलम १४ ने स्पष्ट लिहिले. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतचा खर्च वसूल करू शकतो. वाचायला हे सगळे नीट वाटते. अडचण आहे ती या कलमातल्या एका शब्दात. हे संरक्षण ‘भाडेकरू’ला आहे, आणि आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरमध्ये नव्याने घर घेणारा माणूस कायद्याच्या भाषेत बहुधा भाडेकरूच नसतो.

तो लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो, म्हणजे त्याला जागेचा हक्क नसतो, फक्त वापरण्याचा परवाना असतो. मालकांना हा करार सुरक्षित वाटतो आणि त्यामागे कारणही आहे. जुन्या कायद्याखाली एकदा बसलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या उठत नसे. परवान्याची मुदत संपली की जागा परत मिळण्याची खात्री १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ ने दिली. मुदतीनंतरही जो उठत नाही त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि त्याला बाहेर काढण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट दाद मागता येते. ही तरतूद योग्यच आहे. पण तराजूचे दुसरे पारडे रिकामे राहिले. परवानाधारकासाठी घर राहण्याजोगे ठेवण्याचे तितकेच स्पष्ट बंधन मालकावर नाही, आणि डिपॉझिटमधून मनमानी कपात झाली तर त्याला तसाच झटपट जाण्याचा दरवाजाही नाही. पंधरा-वीस हजारांसाठी दिवाणी दावा लावणे कुणालाच परवडत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. त्यामुळे घर सोडण्याच्या दिवशी डिपॉझिट हाच खरा कायदा ठरतो आणि तो ज्याच्या खिशात आहे तोच न्यायाधीश होतो. अनेक छापील मसुद्यांत ‘नेहमीची झीज वगळून’ असे शब्द असतात, पण नेहमीची झीज कशाला म्हणायचे ते कुठेच सांगितलेले नसते. चावी देताना भिंतीवरची खिळ्याची चार भोके नेहमीची वाटतात आणि चावी परत घेताना त्याच भोकांपायी सगळ्या घराला रंग काढायला लागतो.

मालकांच्या मनात जुन्या भाडेकायद्याविषयी जी धास्ती आहे ती खोटी नाही, आणि दुरुस्तीचा विचार करताना तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. महागाई वाढत गेली, सिमेंट, लोखंड आणि मजुरी वाढत गेली, भाडे मात्र जिथल्या तिथे राहिले. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत ज्या खोलीचे भाडे महिना २०० रुपये होते, तिच्या भाडेकरूला कायद्याने दिलेला दुरुस्तीचा हक्क वर्षाला जास्तीत जास्त ६०० रुपयांचा ठरतो. त्यात एक तुळईही बदलत नाही. मालकाने दुरुस्ती थांबवली, भाडेकरूला ती परवडेना आणि शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले. १९६९ च्या कायद्याने मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला, तेव्हा अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यातल्या बहुसंख्य १९४० पूर्वीच्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये गोठलेल्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे नोंदवले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. जुन्या मुंबईत दर पावसाळ्यात असा धोका डोक्यावर असतो. या इतिहासाचा धडा मला असा दिसतो: दुरुस्तीची जबाबदारी आणि दुरुस्तीसाठी लागणारा पैसा एकाच हातात असला पाहिजे. भाडे गोठवून मालकावर जबाबदारी टाकली तर इमारती पडतात. भाडे मोकळे सोडून जबाबदारी राहणाऱ्यावर ढकलली तर इमारती पडत नाहीत, पण माणसे ओलीत राहतात. आजचे परवाना करार बाजारभावाने होतात. भाडे मोकळे झाले, तर त्यासोबतची जबाबदारीही मालकाकडे परत यायला हवी.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने हा प्रश्न थेट हातात घेतला, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दोन याद्या आहेत. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणे आणि वायरिंग मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, सांडपाण्याची सफाई, शौचालय, बेसिन, गीझर, एमसीबी, बटणे, कुलपे, जाळ्या आणि काचा भाडेकरूकडे. भाडेकरूने आपले काम केले नाही तर मालक डिपॉझिटमधून खर्च घेऊ शकतो. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरू भाड्यातून वळता करू शकतो, मात्र कोणत्याही महिन्यात निम्म्या भाड्याहून अधिक नाही. निवासी घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित ठेवले आहे. हा आदर्श कायदा राज्यांवर बंधनकारक नाही आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. तरी उद्या ही यादी आपण उचलायची ठरवली तर तिच्यातला दोष आधी पाहून घ्यायला हवा. ती यादी मुख्यतः वस्तूंची आहे, कारणांची नाही. गीझर भाडेकरूच्या यादीत आहे. आता टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने क्षार धरून दहा वर्षे चाललेल्या गीझरची टाकी, भाडेकरू राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात फुटली, तर यादीप्रमाणे दुरुस्ती त्याच्या गळ्यात पडते. दहा वर्षे गरम पाणी वापरले इतरांनी, बिल आले शेवटी आलेल्याला. उलट पाइप मालकाच्या यादीत आहे. पण मोरीच्या जाळीवर खरकटे, केस आणि तेल टाकत राहून कुणी तो चोंदवला, तर मालकाने का भरायचे? वस्तू कुणाची हे यादी सांगते, ती बिघडली कशी हे सांगत नाही.

बाहेरच्या देशांनी यातला तिढा कसा सोडवला ते पाहण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या करारांत घराचा सांगाडा, बाहेरची बाजू, पन्हळी, पाणी, वीज, शौचालय आणि गरम पाण्याची व्यवस्था मालकाकडे सोपवली आहे, आणि करारात उलट लिहून तो यातून सुटू शकत नाही. जर्मनीतही दुरुस्ती मूळची मालकाची. मात्र किरकोळ दुरुस्ती करारात भाडेकरूवर टाकता येते, तीही ज्या वस्तूंना त्याचा वारंवार हात लागतो त्यांच्यापुरती, म्हणजे नळ, बटण, दाराची मूठ, खिडकीची कडी यांच्यापुरती. एका वेळच्या आणि वर्षभराच्या अशा दोन्ही रकमांवर तिथे मर्यादा घालावी लागते. जपानच्या सरकारने १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यात वस्तूचे वय मोजायला सुरुवात केली. भिंतीवरच्या कागदाचे आयुष्य तिथे सहा वर्षे धरतात. भाडेकरूने तो तीन वर्षांनी फाडला तर त्याच्याकडून नव्या कागदाची पूर्ण किंमत नाही, उरलेल्या आयुष्याची किंमत घेतात. २०२० पासून तिथल्या नागरी संहितेतच लिहिले गेले की नेहमीच्या वापराची आणि काळाची झीज भरून देणे भाडेकरूचे काम नाही. या तीन देशांची घरे, हवा आणि बाजार आपल्यासारखे नाहीत. तरी तिघांनी शोधलेले मापदंड आपल्या मोरीतही लागू पडतात: सांगाडा मालकाचा, हात लागतो ते राहणाऱ्याचे, आणि नुकसान झालेच तर वस्तूचे वय वजा करून हिशेब.

मला महाराष्ट्रासाठी यावरून एक सुटसुटीत नियम सुचतो. काहीही बिघडले की तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे वयाने बिघडले की कुणाच्या कृतीने? वयाने असेल तर मालक, कृतीने असेल तर करणारा. दुसरा, कारण नक्की कळत नसेल तर वस्तू रोज हाताळायची आहे का, आणि खर्च किरकोळ आहे का? दोन्हींचे उत्तर हो असेल तर राहणाऱ्याने भरावे आणि विषय संपवावा. किरकोळ म्हणजे किती, तेही ठरवता येईल. महिन्याच्या भाड्याच्या पाच टक्क्यांपर्यंत एका वेळी, आणि वर्षभरात मिळून निम्म्या महिन्याच्या भाड्यापर्यंत. २२,००० भाड्याच्या घरात हे झाले एका वेळी १,१०० आणि वर्षाला ११,००० रुपये. वॉशर, बिजागरी, कडी, बटण, फ्लशचा तरंगता गोळा हे सारे यात बसते आणि दर वेळी मालकाला फोन करण्याचा, त्याची मनधरणी करण्याचा त्रास वाचतो. तिसरा प्रश्न नुकसान झाल्यावरचा: त्या वस्तूचे किती आयुष्य उरले होते? रंगाचे आयुष्य पाच वर्षे धरले आणि भाडेकरू तीन वर्षे राहिला, तर मुलांनी रेघोट्या मारून बिघडवलेल्या भिंतीचा २०,००० रुपयांचा रंग त्याच्याकडून पूर्ण वसूल होणार नाही. उरलेल्या दोन वर्षांचे ८,००० वसूल होतील. मालकाचे नुकसान भरून निघते आणि भाडेकरूच्या पैशाने जुन्या घराला फुकट नवा रंगही मिळत नाही.

हा नियम चालायचा तर तो कागदावर यायला हवा, आणि त्यासाठी नवे कार्यालय उभारण्याची गरज नाही. महाराष्ट्रात प्रत्येक भाडेकराराची नोंदणी १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने सक्तीची आहे, करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ती घरबसल्या करता येते. त्याच मसुद्यात दुरुस्तीचे परिशिष्ट आपोआप जोडले जावे. त्यात गीझर, पंखे, नळ, रंग यांच्यापुढे वर्ष लिहायला रकाना असावा, आणि ताबा देताना काढलेली खोल्यांची छायाचित्रे त्याच नोंदीला जोडता यावीत. मग सोडताना फरशीला गेलेला तडा आधीचा की नंतरचा, हा वाद स्मरणशक्तीवर चालणार नाही. दुरुस्तीला मुदत हवी. पाणी, वीज आणि शौचालय यांसाठी दोन-तीन दिवस, गळतीसाठी पंधरवडा, बाकीच्यासाठी महिना. मुदत टळली तर राहणाऱ्याने करून घ्यावे आणि बिल, पावती आणि छायाचित्र जोडून ठरलेल्या मर्यादेत भाड्यातून वळते करावे. आणि जागा रिकामी करून घेण्यासाठी जो सक्षम प्राधिकारी आहे, त्याच्याकडेच डिपॉझिटचे आणि दुरुस्तीचे दावेही जावेत. एकाच दारातून दोघांना न्याय मिळाला तर ते दार कुणाला परके वाटणार नाही.

गळतीचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण आपल्याकडच्या दुरुस्तीच्या भांडणांचे मूळ बहुधा करारातल्या दोघांपैकी कुणाच्याच घरात नसते. गच्चीतून किंवा बाहेरच्या पाइपमधून पाणी मुरत असेल तर उपविधींनुसार ते सोसायटीचे काम. वरच्या घराच्या न्हाणीघरातून येत असेल तर वरच्या सभासदाचे. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो. त्याच्या अर्जाची सेक्रेटरी दखल घेईलच असे नाही आणि वरचा शेजारी त्याला ‘मालकाला पाठवा’ म्हणतो. मालक दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असतो. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी: वरचे वॉटरप्रूफिंग तसेच राहते आणि खालच्या छताला दरवर्षी रंग लागतो, तोही भाडेकरूच्या खर्चाने. म्हणून सोसायटीकडे आणि शेजाऱ्याकडे पाठपुरावा करणे हे मालकाचे काम आहे, हे परिशिष्टात स्पष्ट लिहावे. त्याला ते जमत नसेल तर त्याने भाडेकरूला लेखी अधिकार द्यावा आणि सोसायटीने तो मानावा. घर राहण्यायोग्य उरले नाही तर १५ दिवसांच्या नोटिशीवर, लॉक-इनचा दंड न भरता बाहेर पडण्याची मुभा असावी. आदर्श कायद्यात अशी नोटीस आहेच.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मालकाच्या खिशाचा आहे. मुंबई-पुण्यात घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे साधारण दोन ते चार टक्क्यांच्या घरात येते. ८० लाखांच्या घराला २२,००० भाडे म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के. बँकेतली ठेव याहून जास्त देते. अनेक घरमालक धनाढ्य नाहीत. कुणी निवृत्तीची पुंजी घरात घातलेली असते, कुणी त्याच घराचे कर्ज फेडत असतो. त्यांच्यावर आणखी ओझे का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तो नीट पाहिला तर दुरुस्ती टाळण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. ज्याने घरात पैसा घातला त्याने तो मुख्यतः घराची किंमत वाढेल म्हणून घातला, आणि ती किंमत टिकते कोरड्या भिंतींवर, चांगल्या पाइपांवर आणि सुस्थितीतल्या वायरिंगवर. भाडेकरूला अकरा महिन्यांनी जायचे असल्याने तो स्वस्तातला मिस्त्री बोलावतो आणि वरवर पुट्टी मारून घेतो. सळईचा गंज त्याला दिसत नाही आणि दिसला तरी त्याचा तो नाही. दीर्घकाळाचा विचार फक्त मालक करू शकतो, म्हणून दीर्घकाळाची दुरुस्ती त्याच्या हाती असण्यात त्याचेच हित आहे. शिवाय मी सुचवलेल्या नियमात किरकोळ खर्च त्याच्यावर येतच नाही, आणि मोठ्या खर्चासाठी ३० टक्क्यांची वजावट त्याच्यासाठी आधीच राखून ठेवलेली आहे.

दुसरा आक्षेप भाडेकरूंच्या बेफिकिरीचा. परक्याच्या घराला कोण जपतो, असे मालक विचारतात, आणि तुटलेल्या कड्या, जळके ओटे, पानाने रंगलेले कोपरे दाखवतात. हे घडते. पण नेमके यासाठीच कारणावर आधारलेला नियम मालकाच्या उपयोगाचा आहे. आज बेफिकीर आणि काळजी घेणाऱ्या अशा दोन्ही भाडेकरूंचे डिपॉझिट सारखेच कापले जाते, त्यामुळे जपून राहणाऱ्याला जपण्याचे काही कारण उरत नाही. छायाचित्रांसह नोंद असेल तर नुकसान करणाऱ्याला नाकबूल होता येणार नाही आणि न करणाऱ्याला शेवटच्या महिन्याचे भाडे बुडवून डिपॉझिट ‘वसूल’ करून घेण्याचा मोहही होणार नाही. तो मोह आज अनेकांना होतो, कारण डिपॉझिट परत येईल यावर त्यांचा विश्वास नसतो. एका बाजूच्या अविश्वासाने दुसऱ्या बाजूचा अविश्वास वाढत जातो, आणि ही साखळी लेखी नोंदीनेच तुटते.

तिसरा आक्षेप असा की नियम वाढले की लोक घरे कुलूपबंद ठेवतील. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली होती, तेव्हा ही भीती निराधार नाही. मात्र मालक घर रिकामे ठेवतो ते मुख्यतः ताबा जाईल या भीतीने. १९४७ च्या कायद्याची ती आठवण आहे. नळाच्या वॉशरचे पैसे कुणी द्यायचे या चिंतेने कुणी फ्लॅट बंद ठेवत नाही. मी मांडलेल्या नियमात ताबा, मुदत किंवा भाड्याच्या दराला हातही लावलेला नाही. चौथा आक्षेप कराराच्या स्वातंत्र्याचा: दोन सज्ञान माणसांनी हवे ते ठरवावे, कायद्याने मध्ये का यावे? ठरवावे, जरूर ठरवावे. किरकोळ खर्चाची मर्यादा कमी-जास्त करावी, रंगाचे आयुष्य चार वर्षे धरावे. पण टोकन दिल्यावर, सामानाचा टेम्पो ठरवल्यावर, शाळा सुरू व्हायला आठवडा उरलेला असताना समोर आलेल्या छापील मसुद्यावर सही करणारा माणूस काही ठरवत नसतो. म्हणून सांगाडा, गळती, पाइप आणि वायरिंग एवढ्या चार गोष्टी करारानेही भाडेकरूवर टाकता येऊ नयेत. बाकी सारे खुशाल मोकळे राहू द्यावे. यामुळे भाडे थोडे वाढेल, असेही सांगितले जाईल. वाढू दे. घर घेतानाच दिसणारी पाचशे रुपयांची वाढ परवडते की नाही याचा विचार माणूस करू शकतो. घर सोडताना डिपॉझिटमधून अचानक गेलेल्या तीस हजारांचा विचार करायला त्याला संधीच मिळालेली नसते.

शहरात येणारा विद्यार्थी, बदलीवर आलेला कर्मचारी, नुकतेच लग्न झालेले जोडपे, मुलांजवळ राहायला आलेले म्हातारे आईवडील, या सर्वांचे घर आज भाड्याचे आहे आणि पुष्कळांचे ते दीर्घकाळ भाड्याचेच राहणार आहे. त्यांच्या घराचा दर्जा कुणाच्या भलेपणावर अवलंबून ठेवणे चूक आहे, तसे भल्या मालकाला लबाड भाडेकरूच्या तावडीत सोडणेही चूक आहे. राज्य सरकारला यासाठी मोठी योजना किंवा निधी लागत नाही. १९९९ च्या कायद्यातल्या कलम १४ चे संरक्षण परवानाधारकापर्यंत नेणारी एक दुरुस्ती, नोंदणीच्या मसुद्याला जोडलेली दोन पाने आणि डिपॉझिटच्या दाव्यांसाठी आधीच अस्तित्वात असलेले एक दार, एवढेच हवे आहे. हे झाले तर पुढच्या जूनमध्ये भिंतीवर ओल उमटेल तेव्हा मालक आणि भाडेकरू दोघेही कराराचे तेच पान उघडतील, आणि मिस्त्री पाणी आत मुरण्याआधी दारात येईल.